तिसरा कप

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या भावाला नाही. रोज देवापुढे बसून अथर्वशीर्ष म्हणते, तिथेही ही एवढी गोष्ट मी शिताफीनं वगळत आले. गेल्या मंगळवारी एका माणसाला सांगितली, आणि आज तुम्हाला सांगते आहे. जवळ बसा. मधेमधे ‘हो का, हो का’ करू नका, नाहीतर मी विषय बदलीन. विषय बदलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तर — एक सिनेमा होता.

देवासला आमच्या मराठी मंडळात महिन्यातून एका रविवारी सिनेमा दाखवतात. भिंतीवर पडदा, सतरंजीवर लहान, खुर्च्यांवर थोर, मध्यंतरात पोहे-शेव. सिनेमा संपला की प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी मिळते. घरी जाऊन त्यावर आपला अभिप्राय लिहायचा आणि आठवड्याच्या आत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आणून टाकायचा. पुढच्या महिन्यात त्यातल्या निवडक चिठ्ठ्या वाचून दाखवतात आणि सगळ्यात चांगली वर्षाच्या स्मरणिकेत छापतात. डबा माझ्या घरी असे. चिठ्ठ्या निवडायच्या मी, वाचायच्याही मीच. आणि नियमही माझाच — अभिप्राय मराठीत हवा. हिंदीतली चिठ्ठी बाद.

नियमात वाईट काय होतं, सांगा? घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवाल्याशी माळवी, अशी आमची तऱ्हा. मी स्वतः जन्मभर हिंदी शाळेत गणित शिकवलं, पाढेसुद्धा मला हिंदीतच आठवतात. म्हणून वाटे, निदान महिन्याला एक कागद तरी मराठीत लिहा रे बाबांनो. — पण बघा, लगेच स्वतःची वकिली सुरू केली. सोडा.

त्या रविवारी युरोपातला कुठलासा सिनेमा होता. तळ्याकाठी एक छोटं गेस्ट हाऊस, चालवणारी बाई चाळिशीची. नवरा होडी घेऊन गेला तो परतला नाही, त्याला बरीच वर्षं झालेली. ती रोज सकाळी दोन कप मांडते, एक तिचा, एक त्याचा. मग एक अनोळखी माणूस येतो, खोली मागतो, राहतो. हळूहळू दोघांचं जमतं. एक पोलीस येऊन जाऊन चौकशी करत असतो. ह्या माणसानं तिच्या नवऱ्याला मारलं का? की नवरा ह्याचा मित्र होता? शेवटी माणूस होडीत बसून निघून जातो, आणि कुणी कुणाला काही सांगत नाही. भर सगळी धुक्याची.

मंडळी वैतागली होती. डब्यात काय काय पडलं ते ऐका. एकानं लिहिलं, ‘इतकं धुकं पचमढीलाही नसतं.’ एका बाईंना सिनेमाभर कुणी पोटभर जेवलं नाही ह्याचं वाईट वाटलं होतं. आमच्या अध्यक्षांचं, देशपांडेकाकांचं ठाम मत होतं की खुनी तो पोलीसच. आणि कुणीतरी नाव न घालता, आमच्या माळवी थाटात लिहिलं होतं, ‘भिया, गोष्ट कधी सुरू झाली ते सांगा.’

आणि माझा अभिप्राय? सिनेमातलं मला कळतं असं सगळे मानत. मध्यंतरात लोक पोह्यांची बशी घेऊन माझ्याकडे यायचे — काय वाटतं, ताई? त्याही दिवशी आले. मी डोळे बारीक करून म्हणाले, ‘पाण्याकडे लक्ष ठेवा.’ माना डोलावून गेले बिचारे.

मी झोपले होते हो. घ्या, हे एक झालं. चष्मा घरी विसरला होता, पडद्याखालची इंग्रजी अक्षरं दिसेनात, तसं सांगायची लाज वाटली, आणि त्या धुक्यात माझा डोळा लागला. पहिली पंधरा मिनिटं पाहिली आणि शेवटची होडी पाहिली. मधलं मला नंतर चिठ्ठ्यांवरूनच कळलं.

पण झोपणं हा काही गुन्हा नाही. मी मुद्द्याला बगल देते आहे, तुम्हालाही कळलं असेल.

माझ्या धाकट्या भावाची, अनिलची बायको वसुधा. माहेर सरदारपूरचं, शाळा हिंदी, घरी मराठी बोलायचे पण लिहिण्याची सवय नाही. लग्न होऊन आली तेव्हा मला ‘वन्सं’ म्हणायची. आजकाल कोण म्हणतं वन्सं? पण आमच्या आईनं शिकवलं आणि तिनं ते इतकं गोड उचललं की मला मनातून फार बरं वाटे. दुपारी वही घेऊन माझ्याकडे यायची. वन्सं, हे कसं लिहायचं, वन्सं, इथे काय म्हणतात. मंडळात मागच्या रांगेत बसायची. कधी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या सिनेमाला मात्र ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती म्हणे. मला कुठून दिसणार? मी घोरत होते.

तिची चिठ्ठी डब्यात निघाली. हिंदीत. नियमाप्रमाणे न वाचता बाजूला ठेवायची. मी वाचली.

‘जिस दिन वो आदमी आता है, उसके अगले दिन से टेबल पर कप एक ही है. मतलब उसको पहले दिन से पता है. फिर भी पूछती नहीं. पूछेगी तो वो बता देगा, और बताकर चला जाएगा.’

एवढंच. आणि खाली, वाकड्यातिकड्या मराठीत — ‘वन्सं, मराठीत लिहायला मला वेळ लागतो. पुढच्या वेळी पूर्ण मराठीत लिहीन.’

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. अहो, साठ माणसांनी पाहिलेला सिनेमा एकटीला दिसला होता. आणि ती एकटी कोण, तर मागच्या रांगेतली, माझ्याकडे मराठी शिकायला येणारी. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला हेवा वाटला. साधा, आंबट, बायकी म्हणा, माणसाचा म्हणा — हेवा.

मग मी कागद घेतला आणि तिचं म्हणणं माझ्या मराठीत लिहिलं. चांगलं दीड पान. ‘न विचारणं हेही एक प्रेम असतं’ वगैरे. आणि एक सुधारणा केली. एकच कप हे मला पटेना. घरात पाहुणा आला तर कप वाढेल की कमी होईल? पोरीचं काहीतरी चुकलं असणार. म्हणून मी लिहिलं की त्या सकाळी ती तिसरा कप मांडते, दुःखाच्या टेबलावर तिनं पाहुण्याला जागा दिली. खाली माझं नाव.

पुढच्या बैठकीत, मी वाचायला उभी राहणार एवढ्यात वसुधा मागून उठून पुढे आली. सगळ्यांसमोर, पण हळूच विचारलं, ‘वन्सं, माझी चिठ्ठी मिळाली का?’

मी काय म्हणाले ते आता सांगते. ‘हिंदीत होती ना? बाद झाली. वाचलीसुद्धा नाही मी.’ आणि लोकांकडे बघून वर एक पुस्ती — ‘सरदारपूरची गाडी मराठीच्या स्टेशनावर यायला अजून वेळ आहे.’ सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. माझ्या होतं.

ती जाऊन बसली, आणि मी वाचायला लागले.

तुम्ही विचाराल, तिच्यासमोर वाचवलं कसं? वाचवलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही. तिच्याकडे मी एकदाच पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, दुकानात आपल्या घरची वस्तू मांडलेली दिसावी तसं. शेवटी टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या, दोन. देशपांडेकाका म्हणाले, तिसरा कप हा शब्द लक्षात राहील. राहिला. स्मरणिकेत छापून आला, इंदूरच्या मंडळानं मला बोलायला बोलावलं, मग उज्जैनच्या. अकरा वर्षं मी तिसऱ्या कपावर जेवले आहे.

आणि वसुधा? त्या दिवसानंतर तिनं मला वन्सं म्हटलं नाही. भांडली नाही, अबोला नाही, सणावाराला वाकून नमस्कार. फक्त माझ्याशी हिंदीत बोलायला लागली. दीदी, चाय लेंगी? दीदी, बैठिए. वही घेऊन येणं बंद. मंडळ बंद. पुढे अनिलची बदली धारला झाली, तिथं तर घरात हिंदीच सुरू झाली, आणि त्यांची मुलगी सई मराठी वाचताना, लिपी तीच असून, एकेका शब्दाला अडते.

आता माझा शहाणपणा ऐका. ह्यावर मी अनिलला बोलले. एकदा नाही, दर दिवाळीला. ‘तुझ्या बायकोला मराठीचं वावडं आहे, पोरीचं नुकसान करते आहे.’ तो मान खाली घालून ऐकायचा. चोर तर चोर, वर शिरजोर म्हणतात ना, ती मी. वसुधा स्वयंपाकघरातून सगळं ऐकायची, आणि तिनं एका शब्दानं सांगितलं नाही की आपलं मराठी कुणी बंद केलं.

ती चिठ्ठी मी फाडली नव्हती. का, ते मला सांगता येणार नाही. अंकगणिताच्या जुन्या पुस्तकात होती, पुस्तक कपाटात होतं, आणि कपाट आवरायचं मी टाळत होते.

गेल्या आठवड्यात सईचा फोन आला. कॉलेजात जाते आता. घरात तिला जुनी स्मरणिका सापडली होती. ‘आत्या, आपका वो तीसरा कप वाला पढ़ा. मुझसे तो पढ़ा नहीं जा रहा था, मम्मी ने पढ़कर सुनाया. कितना अच्छा लिखा है आपने.’ मी विचारलं, मम्मी काय म्हणाली? ‘कुछ नहीं. बोलीं, हाँ, दीदी अच्छा लिखती हैं.’

फोन ठेवला. तिनं ते स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या मुलीला वाचून दाखवलं होतं. माझं नाव घेऊन.

मंगळवारी सकाळच्या बसनं निघाले. इंदूरला बस बदलली. ह्यांना सांगितलं, अनिलला भेटून येते. हेही खोटंच, अनिल त्या वेळी ऑफिसात असतो हे मला पक्कं ठाऊक होतं. धारला पोचेपर्यंत मी मनात दहा तऱ्हेची वाक्यं जुळवली. वसुधानं दार उघडलं, आणि मला एकही आठवेना. पर्समधून चिठ्ठी काढली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘मी ही वाचली होती. त्याच दिवशी. झोपले होते सिनेमात, म्हणून तुझं चोरलं. आणि लोकांसमोर तुझी थट्टा केली, तीही जाणूनबुजून.’

उभ्याउभ्याच बोलले. माझी चप्पलसुद्धा पायात होती.

तिनं चिठ्ठी पूर्ण वाचली. खालची मराठी ओळ आली तशी जरा थांबली. मग घडी घातली, पुन्हा उघडली आणि म्हणाली, ‘कप एक ही था, दीदी.’

मला कळलंच नाही. म्हटलं, काय?

‘तीन नहीं थे. एक था. तीन होते तो मतलब वो अपने आदमी का इंतज़ार अब भी कर रही है. फिर तो उसे कुछ पता ही नहीं था.’ आणि मग, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आवाज चढवून — ‘आपने लिया तो लिया, पर ग़लत कर दिया. मैं वहाँ बैठी थी और सब तीन पर ताली बजा रहे थे.’

म्हणजे बघा. माझ्या खोट्यापेक्षा, माझ्या थट्टेपेक्षा तिला हे जास्त डाचत होतं. तिनं जे पाहिलं होतं ते मी नेलं आणि मोडून लोकांना वाटलं. ज्या अभिप्रायावर मी नाव कमावलं, तो सिनेमा पाहिलेल्या माणसाचा नव्हताच. हे माझ्याखेरीज जगात तिला एकटीला माहीत होतं, आणि सांगायला तिला जागा नव्हती. डबा माझ्या घरी होता.

तिनं चहा केला. सई आली, तिला वसुधानं चिठ्ठी दिली. तिला ती घडाघडा वाचता आली, हिंदीत होती ना. वाचून ती आईकडे बघत राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, आणि तेही बरोबरच होतं.

परतीच्या बसमध्ये मला इतकं हलकं वाटत होतं की भेळ घेऊन खाल्ली. खरं सांगते, लाज वाटली, पण भूकही लागली होती. अकरा वर्षांत इतकी शांत भूक लागली नव्हती.

काल मंडळात जाऊन, वाचून दाखवलेले अभिप्राय उतरवून ठेवतात ती वही काढली. त्या पानावर माझं नाव खोडलं, वसुधाचं लिहिलं. ‘तिसरा’ खोडून ‘एकच’ केलं. पहिल्या पानावरचा नियमही खोडला. देशपांडेकाका बाजूला उभे होते. त्यांना सगळं सांगायचंच आहे, येत्या रविवारी सगळ्यांसमोर सांगीन आणि चिठ्ठी आहे तशी हिंदीत वाचीन. डबा आता दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल.

वसुधाला रविवारचं कळवलं. तिचं उत्तर आलं, ‘देखती हूँ, दीदी.’

दीदीच म्हणते ती. वन्सं हा शब्द मी तिच्या तोंडून स्वतःच काढून घेतला होता, आणि तो कुठल्याही पुस्तकात जपून ठेवलेला नाही.