खारबांध कुणी फोडला?

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्तीनंतर माणूस मऊ होतो म्हणतात. या एका प्रकरणात मी झालेलो नाही आणि होणारही नाही.

रेवदंड्याच्या बाजूला, खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. हद्दीतली बरीच भातशेती भरतीच्या पातळीपेक्षा खाली. समुद्राचं पाणी अडवायला मातीचा खारबांध. एका गावात या बांधाचे घरटी वाटे पाडलेले होते. आपल्या वाट्याची डागडुजी आपण करायची, खेकड्यांची बिळं आपण बुजवायची. ज्याचा वाटा पक्का, त्याची मान गावात ताठ.

एका उधाणाला तिथला एक वाटा फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. अशी जमीन पुन्हा भाताला यायला काही वर्षं जातात. गाव खवळलं. देवळात गावकी बसली आणि निकाल लागला: वाटा ज्या नवरा-बायकोचा, त्यांनीच जमिनी स्वस्तात लाटू पाहणाऱ्या दलालाशी संगनमत करून बांध फोडला. घर वाळीत.

मला याचा पत्ता नव्हता. स्टँडवरच्या मारामारीत जबाब द्यायला आलेला एक रिक्षावाला सही करून उठला आणि दाराशी घुटमळला.

"साहेब, त्या गावात एका बाईला गिरणीवाला दळून देत न्हाय. दळण घेऊन ती माझ्या रिक्षातून रेवदंड्याला येते. आता तिला रिक्षात घेऊ नको, असा मलापन निरोप आलाय."

मी महिला हवालदाराला तिच्या घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको ठाण्यात हजर. वाळीत टाकलेली माणसं सहसा कुजबुजत बोलतात, नाव येऊ देऊ नका म्हणून हात जोडतात. ही बाई खुर्ची ओढून बसली आणि बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"बांध आमी फोडला न्हाय. गावकी बोलते, देवलान येऊन कबूल करा, मंग घेऊ परत. जे केलंच न्हाय ते कबूल कसं करू?"

नवरा खाली मान घालून म्हणाला, "कबूल करून टाकू, साहेब. सख्खा भाव बोलत न्हाय. जगायचं हाय आमाला."

"तुमी करा," ती म्हणाली. "मी करनार न्हाय."

सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे. मी फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला. चहा थंड व्हायच्या आत फोन सुरू झाले. 'गावातलं गावात मिटू द्या.' प्रत्येक फोनची नोंद स्टेशन डायरीत घेतोय, असं मी पलीकडच्या माणसाला सांगायचो. फोन आटले.

पण बांध फोडला कुणी, हे कळल्याशिवाय त्या घरावरचा डाग जाणार नव्हता. ओहोटीला आम्ही बांधाच्या बाहेरच्या अंगाला उतरलो. पंचनाम्याला साक्षीदार शेजारच्या गावातून आणावे लागले. गुडघाभर चिखलातून चालताना नेमक्या याच वाट्यासमोर मोठाले खड्डे दिसले. तिवरांची झाडं मुळापासून गेलेली. बांधाचा पायाच खड्ड्यात घसरला होता.

"रेती उपसणारी बोट," सोबतचा हवालदार म्हणाला.

पण तिथे रेती नव्हतीच. होता तो नुसता काळा चिखल, आणि चिखल कुणाला हवा असेल? उत्तर गावाच्या वेशीवर फलकाच्या रूपाने लटकत होतं. 'खारपड जमिनीवर रामबाण: काळ्या चिखलातलं फुलविक ॲसिड.' एका व्यापाऱ्याने गावात नुकतंच प्रात्यक्षिकही दिलं होतं.

त्याच्या रस्त्याकडेच्या शेडमध्ये आम्ही गेलो, तर पिंपात कॉस्टिक सोडा घालून खाडीचा चिखल शिजत होता. त्याच पिंपातून शेतकऱ्यांचे कॅन भरले जात होते आणि सांधेदुखी, मधुमेहासाठी प्यायच्या छोट्या बाटल्याही.

"नैसर्गिक आहे, साहेब," तो हसत म्हणाला. "शेताला, माणसाला, निसर्गाला, सगळ्यांना चालतं."

मी नमुने जप्त करून तपासणीला पाठवले. शेतकी अधिकाऱ्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी नीट समजावलं. फुलविक ॲसिड ही थोतांड गोष्ट नाही. पालापाचोळा कुजून मातीत तयार होणारा तो घटक. बेताने दिला तर लोह-जस्तासारखी द्रव्यं पिकाला मिळायला मदत होते. पण जमिनीतलं मीठ तो पळवून लावत नाही. मीठ धुऊन जायला धड बांध आणि पावसाचं गोडं पाणी लागतं. माणसाच्या रोगावर म्हणाल, तर पिंपातलं कॉस्टिक पाजणं हा उपचार नव्हे. तपासणीचा निकाल आला तो आणखी संतापजनक होता. कॅनमध्ये फुलविक ॲसिड नावापुरतं, आणि वर खाडीचं मीठ! मीठ शिरलेल्या जमिनीवर लोक आणखी मीठ ओतत होते.

व्यापारी चिखल कुठून आणतो ते सांगेना. मी गावकीच्या प्रमुखाला बोलावलं. पांढरेशुभ्र कपडे, ताठ बसणं.

"वाट्यासमोरचा चिखल कोण उपसतं?"

"ठावं न्हाय."

तासभर हेच. धमकावून हा बोलणार नाही, हे मी ओळखलं होतं. मग मी सहज म्हणालो, "गावाचा अख्खा बांधच पोकळ दिसतो. तुमचाही वाटा आतून खचलेला असणार."

म्हातारा ताडकन उठला. "माझा वाटा? माझ्या वाट्याम्होरून एक घमेला चिखल उचलू दिला न्हाय मी त्याला!"

"त्याला म्हणजे कुणाला?" मी विचारलं.

तो हळूच खाली बसला. मग सगळं बाहेर आलं. देवळाला नवीन लाद्या बसवून देतो म्हणून व्यापाऱ्याने परवानगी मागितली होती. गावकीच्या मोजक्या माणसांच्या बैठकीत आपल्या वाट्यासमोर खणू द्यायला कुणीच तयार होईना. हे जोडपं त्या बैठकीला नव्हतं, म्हणून त्यांचा वाटा दाखवला गेला. बांध फुटल्यावर गाव आपल्याला जाब विचारेल या भीतीने प्रमुखाने आळही त्यांच्यावरच घेतला. लबाड्या अनेक पाहिल्या, इतकी नीच क्वचितच.

आरोपपत्र गेलं. तिवरांच्या नासधुशीबद्दल वन खात्याला कळवलं. तेव्हापासून चौकशीत मी समोरचा काय लपवतो ते नंतर शोधायचो, त्याला कशाचा अभिमान आहे ते आधी बघायचो. आणि सगळं गाव एका सुरात बोलतंय, हा माझ्यालेखी पुरावा उरला नाही.

बहिष्काराच्या कायद्यात फिर्यादीची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर तडजोड होते. गावकीची माणसं ठाण्यात आली. बहिष्कार मागे घेतो, बांध आम्ही बांधून देतो, घरी येऊन पाया पडतो, सगळं कबूल. बाईने एकच अट घातली. ज्या देवळात आमचं नाव घेतलं, तिथेच सगळ्यांसमोर खरं काय ते बोला.

"तेवढं सोडून बोल," प्रमुख म्हणाला. "गावान तोंड दाखवायचं हाय आमाला."

ती उठली. "बदनामी चव्हाट्यावर, आन माफी माजघरान? न्हाय जमनार."

नवऱ्याने या वेळी मान खाली घातली नाही. तोही तिच्यामागे निघाला.

तडजोडीचं काय झालं, अशी वरून विचारणा आली. दोघांना समजवा, असंही सुचवलं गेलं. मी समजवायला गेलो नाही. 'फिर्यादीची संमती नाही' एवढं लिहून कागद परत पाठवला. अख्ख्या नोकरीत इतक्या आनंदाने मी दुसरं वाक्य लिहिलेलं नाही.