तबल्यावरचा हात

आमच्या नागपूरच्या दुर्गापूजेच्या मांडवात शेजारच्या शुभ्रादी जुना बंगाली टप्पा गायला बसल्या. तो त्या बिनठेक्याचा गातात, शब्दाशब्दावर रेंगाळत. दोन ओळींतच खुर्च्या सरकू लागल्या. आयोजकांनी खूण केली आणि तबलजीने ठेका धरला. शुभ्रादींनी गाणं न थांबवता तबल्यावर हात ठेवला.

"दीदी, लोक उठून जातील," आयोजक वाकून म्हणाले.

"जाऊ दे ना. मी तर बसली आहे!" ओळ संपताच त्या म्हणाल्या आणि पुढची ओळ उचलली.

मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण न मागता ठेका धरणारी माणसं मी घरात आणि ऑफिसात भरपूर पाहिली आहेत. लवकर आटप, जरा सोपं कर, सगळ्यांना रुचेल असं कर. त्यांचा हेतू वाईट नसतो, म्हणून आपण ऐकतो आणि स्वतःची चाल विसरतो. शुभ्रादींच्या शिष्या एकेक करून चटपटीत गाण्यांकडे गेल्या, कार्यक्रम आटले. बाई मात्र पहाटेचा रियाज चुकवत नाहीत.

टप्पा संपला तेव्हा अर्धा मांडव रिकामा होता. शुभ्रादी पाणी प्यायल्या, माइक जवळ ओढला आणि पहिल्याहून संथ असा दुसरा टप्पा सुरू केला.