आईची हेलिकॉप्टरमधली चक्कर

मागच्या रविवारी माझी आई हेलिकॉप्टरमध्ये बसली. हो, खरंच!

झालं असं, की दोंडाईच्याच्या मामेभावाने लग्नासाठी हेलिकॉप्टर भाड्याने आणलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सकाळभर धुळ्यातच होतं, म्हणून त्याने घरच्यांना शहरावरून एकेक चक्कर मारून आणायचं ठरवलं. पहिला मान आत्याचा, म्हणजे माझ्या आईचा.

आई मात्र तयारच होईना. तिचं म्हणणं एकच... अक्कांना सोडून मी एकटी कशी जाऊ?

अक्का म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या लीलाअक्का. आईचं लग्न होऊन ती धुळ्यात आली तेव्हापासूनची त्यांची जोडी. भाजी आणायला दोघी, दवाखान्यात दोघी, उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाड पापड, घालायलाही दोघीच. थंडीत अक्का पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्या वॉकर धरून घरातल्या घरात. यंदाचे बिबडे आईने एकटीने घातले... अर्धेच.

शेवटी अक्काच अहिराणीत रागावल्या. "तू जाय वं सुमन! बठ्ठं धुळं दखीसन ये, नि माले सांग."

मग काय, आई इस्त्रीची साडी नेसून निघाली. सोबतीला मी.

हेलिकॉप्टर वर उठलं तसा तिने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. खाली पांझरेचं पात्र, पूल, सरळ आखलेले रस्ते... मी एकेक दाखवत होते. तिचं लक्षच नव्हतं. काचेला नाक लावून ती नुसत्या गच्च्या बघत होती. सगळीकडे पापड-कुरडया वाळत घातलेल्या, त्यामुळे सगळ्या गच्च्या सारख्याच. "आपली कुठली गं? आपली कुठली?" हेडफोनमधून तिचा सारखा तोच प्रश्न.

पायलटने वळण घेतलं आणि मला आमची निळी टाकी दिसली. तिच्याशेजारी कुणीतरी उभं होतं. लाल काहीतरी जोरजोरात हलवत होतं...

"अक्का!" आई एवढ्यांदा ओरडली, की पायलटनेही मागे वळून पाहिलं. दोन्ही हातांनी ती काचेवर थापा मारत होती. क्षणभरच. मग गच्ची मागे गेली.

घरी पोहोचल्यावर आई चपला न काढता थेट गच्चीवर. अक्का जिन्याच्या सावलीत खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर लाल शाल. त्यांची सून वैतागून शेजारी उभी. एकेका पायरीवर बसत, मागे सरकत त्या वर चढल्या होत्या. सुनेने अडवलं तर म्हणाल्या म्हणे, "माले धरू नको, खुर्ची ली ये."

आईने आधी भरपूर झापलं त्यांना. मग तिथेच जमिनीवर, त्यांच्या पायाशी बसली.

"काय काय दखं?" अक्कांनी विचारलं.

आई हळूच म्हणाली, "काहीच नई दखं अक्का. तुलेच शोधत व्हतू."

"मंग कसाले गई वं तू?" अक्का हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आईचं तर आधीच सुरू झालं होतं. सून आणि मी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

अक्कांना लगेच खाली उतरवायची कुणाची हिंमत होईना. मग सुनेने चहा वरच आणला. ऊन चढेपर्यंत दोघी तिथेच बसून होत्या. लग्नातलं जेवण, नवरीचा शालू, कुणी कुणाला ओळख दाखवली नाही... सगळं बोलून झालं.

आईला एवढी हौसेची चक्कर मिळाली आणि तिने शहर पाहिलंच नाही, याची मला आधी हळहळ वाटली होती. आता नाही वाटत. एवढ्या मोठ्या गावात आपण शोधावं असं एक माणूस असावं, आणि आपल्याला दिसावं म्हणून त्याने जिना चढावा... आईला ते मिळालंय. मला फक्त ते बघायला मिळालं, तेही पुष्कळ आहे.