सुतकांचा महिना

नांदुऱ्याच्या आमच्या फुटबॉल क्लबला बाहेरगावी जाऊन हरायची सवय झाली होती. मलकापूरला हरायचे, खामगावला हरायचे. भुसावळला रेल्वेच्या पोरांकडून तर इतके गोल खाऊन यायचे, की पॅसेंजरमधून उतरल्यावर बाजारातून न येता मालधक्क्याच्या मागून घरी यायचे. माझा धाकटा भाऊ त्या संघाचा गोलकीपर. तो घरी आला की कोणाशी न बोलता मोरीत गुडघे धूत बसायचा.

बाबा क्लबचे अध्यक्ष होते. आमची जिनिंग फॅक्टरी होती, गावाबाहेर शेती होती, आणि नवीन राज्य झाल्यापासून बाबांना भाषणांची फार बोलावणी येत. पोरांसाठी नागपूरहून कोच आणायचा, असं कमिटीने आमच्या बैठकीतच ठरवलं. बाबांच्या ओळखीच्या तिथल्या एका वकिलांनी माणूस सुचवला होता. मी तेव्हा नागपूरच्या कॉन्व्हेंटमधलं शिक्षण संपवून घरी आले होते. मधल्या खोलीत पुस्तक उघडून बसले की मला कोणी काही विचारत नसे, आणि मला बैठकीतलं सगळं ऐकू येई.

कोचला पगार फार देता येणार नव्हता. म्हणून सेक्रेटरीकाकांनी, म्हणजे धान्याची अडत असलेल्या बाबांच्या मित्राने, वार लावायची कल्पना काढली. गरीब विद्यार्थ्याला जसे लोक वार लावून देतात, सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या, तसंच. कमिटीची सात घरं, आठवड्याचे सात वार. राहायला आमच्या जिनिंगच्या मागची खोली.

"पन मानूस कोन, कसा, ते पाहा लागन न," कोणीतरी म्हणालं.

"वकीलसाहेबांनं पाठवला म्हंजे पाहा काय लागते?" काका म्हणाले. "वकीलसाहेब आपल्यातले. ते काय कोनालेही आपल्या घरात जेवाले पाठवतीन?"

झालं. वकील आपल्यातले, म्हणून माणूसही आपल्यातला. एवढ्यावर त्यांनी माणूस ठेवला. आमच्याकडे लोक गडी ठेवतानाही त्याच्या मामाचं गाव विचारतात. इथे मात्र शिफारस करणाऱ्याची जात त्यांनी खुशाल त्या माणसाला लावून टाकली आणि पुढे काही विचारणं अपमानाचं होईल म्हणून गप्प बसले.

कोच आले. तिशीतले, काळेसावळे, डाव्या पायाने किंचित लंगडणारे. नागपूरला एका गिरणीच्या संघात खेळताना गुडघा गेला होता. फार गोड माणूस होता असं मी म्हणणार नाही. मैदानावर त्यांचा आवाज आमच्या गच्चीपर्यंत यायचा. "अबे, बॉल तुह्या बापाच्या घरून आनला काय? पास दे!" एका पोराला त्यांनी उलटी होईपर्यंत पळवलं. त्याची आई भांडायला आली, तर तिलाच म्हणाले, "बाई, त्याले सकाळी भजे काऊन चारता?"

मंगळवार आमचा. आई त्यांना माजघरात पाट मांडायची, भावाच्या शेजारी. जेवता जेवता ते ताटातच मैदान मांडत. ठेचा म्हणजे आपला गोल, भाकरीचे तुकडे म्हणजे पोरं. "हा पाह्य, तू इथून हालला की हे मोकळं झालं." मग तो तुकडा ते खाऊन टाकत. आईला हसू येई. भाजीत मीठ कमी असेल तर स्पष्ट सांगत, आणि तेही तिला आवडायचं. बाबा तर जेवून उठता उठता म्हणायचे, "साहेब, हे घर तुमचंच समजा."

मी वाढायला असे. बोलत नसे. त्यांनीही मला कधी काही विचारलं नाही.

पावसाळा संपता संपता संघ खामगावला जाऊन जिंकून आला. मग मलकापूरला. त्या रात्री पोरं भर बाजारातून गाणी म्हणत आली. दिवाळीनंतर अकोल्याला मोठी स्पर्धा होती, आणि पहिल्यांदाच गावात कोणाला तरी वाटू लागलं, की आपली पोरं तिथे टिकतील. भाऊ झोपेत पास मागायचा.

दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी जेवताना कोच म्हणाले, "भाऊसाहेब, दसऱ्याले मले नागपूरले जा लागते. दोन दिवस. माय एकटी आहे, तिले घेऊन दीक्षाभूमीवर जातो दर वर्षी."

बाबांचा हात ताटात थांबला. फार नाही, एखादा घास गिळायला लागतो तेवढाच. मग म्हणाले, "हाव, हाव. जा न."

आई चुलीपाशी होती. ती वळली नाही. पण भाकरी थापायचा आवाज बंद झाला.

कोचनी काही लपवलं नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आणि त्यांनी कोणाला फसवलं असा एक शब्दही पुढे कोणी उच्चारला नाही. उच्चारला असता तर बरं झालं असतं. निदान उत्तर देता आलं असतं. आमच्याकडे असल्या गोष्टी कोणी बोलत नाही. आमची माणसं सुधारलेली आहेत. बाबा तर तालुक्याच्या सभेत समतेवर बोलून टाळ्या घेऊन आले होते.

कोच नागपूरहून परत आले. पहिल्या सोमवारी अडतवाल्या काकांकडून निरोप गेला, की घरात सुतक आहे. म्हणजे भाऊबंदांत कोणीतरी वारलं, दहा दिवस परक्याला जेवायला घालता येत नाही. मंगळवारी आमच्याकडून डबा गेला, आई मंदिरात जाणार आहे असं सांगून. बुधवारच्या घरी सुतक. गुरुवारची बाई माहेरी गेलेली. शुक्रवारी पुन्हा सुतक. त्या पंधरवड्यात नांदुऱ्यात इतकी सुतकं पडली, की पटकी आली काय असं परगावच्या माणसाला वाटावं. आणि एकाही दारातून तिरडी निघाली नाही. सुतकात देवपूजा बंद असते. पण काकांच्या घरची सकाळची आरतीची घंटा मला आमच्या खिडकीत रोज ऐकू येत होती. दिवाळीच्या आत सगळी सुतकं फिटतील अशा बेताने ती लागली होती, कारण दिवाळी कोणालाच बुडवायची नव्हती.

कोच स्टेशनजवळच्या हॉटेलात भजी-पाव खाऊन पोरांना पळवत होते. भाऊ घरी येऊन सांगायचा. मैदानावर उतरले की पहिला प्रश्न हाच: "काय रे, आज कोनाच्या घरी कोन मेलं?" पोरं हसत, मग खाली बघत.

"हसू नका बे," ते म्हणायचे. "एवढे लोक मरून राह्यले, गावात संघाले अकरा तरी उरतीन का?"

भावाने हे आईसमोर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चूप बस. जेव."

मी बाबांना विचारलं नाही. मला तेव्हा त्यांच्याशी असं बोलता येत नव्हतं. शाळेत मी जे वाचून आले होते त्यातले शब्द इंग्रजी होते, आणि आमच्या माजघरात ते कुचकामी होते. पण रागाला भाषा लागत नाही. मी पाणी भरताना कळशी आपटत असे. आईला वाटायचं माझ्या लग्नाचं काढलंय म्हणून.

त्यानंतरच्या मंगळवारी आमचीही पाळी आली. बाबांनी भावाला सकाळी सांगितलं, "कोचसाहेबांले सांग, आपल्याले सुतक आहे. देऊळगाव राजाकडचं." भाऊ शाळेत गेला आणि निरोप द्यायला विसरला. विसरला, की मुद्दाम दिला नाही, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी दार वाजलं. मी उघडलं. कोच उभे होते, धुतलेला सदरा, केसांना तेल. मंगळवारी ते तसेच यायचे. मागून आईचा दबका आवाज आला, "सांग न बाई, सुतक आहे म्हनावं."

त्यांनीही तो ऐकला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडंही सुतक आहे काय, ताई?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे कोणीच गेलेलं नाही."

एवढंच बोलले मी.

बाबा बैठकीतून घाईने आले. हसतच. "या, या. अहो, तिले काय माहीत? सारं आयुष्य होस्टेलात गेलं तिचं. कोन आपलं, कोन परकं, तिले ओळखता येत नाही. लांबचं सुतक आहे, देऊळगाव राजाकडचं."

"कोन वारलं?" कोचनी विचारलं.

"आपल्या भाऊबंदातलं."

"ते समजलं. पन कोन? नाव सांगा न, भाऊसाहेब. तुमचं मीठ खाल्लं आहे. मीही दोन मिनिटं उभा राह्यतो."

देऊळगाव राजाला आमची एक चुलत आजी होती, दोन काका होते, त्यांची पोरंबाळं होती. सगळी धडधाकट. त्यांच्यातलं एक नाव घेतलं असतं तर काम झालं असतं. पण जित्या माणसाला मेलेलं म्हणायचं, तेही तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर? आतून आईच्या बांगड्या जोरात वाजल्या. ती बाबांना खुणावत होती, की नाव घेऊ नका. कॉलेज शिकलेले, समतेवर बोलणारे माझे बाबा खोटं बोलायला घाबरत नव्हते. खोटं खरं होईल याला घाबरत होते.

कोच वाट बघत उभे राहिले. डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेतला, पुन्हा डाव्यावर. रस्त्याने कोणी गेलं त्याला त्यांनी नमस्कारही केला.

"आठवत नाही काय?" ते म्हणाले.

बाबा म्हणाले, "तुम्ही बसा तर खरं. ओसरीवर बसा. अगं, ताट आन."

आईने आतून ॲल्युमिनियमची थाळी पुढे सरकवली. आमच्याकडे ती थाळी होती हेच मला माहीत नव्हतं. मी ती तशीच राहू दिली, फडताळातलं नेहमीचं पितळी ताट काढलं. आईने माझा हात धरला. आम्ही दोघी त्या ताटाच्या दोन कडा धरून उभ्या होतो, लहान मुली भातुकलीवरून भांडतात तशा. आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती सोडत नव्हती.

मी ओढून बाहेर आणलं तोवर ओसरी रिकामी होती. बाबा दाराची कडी लावत होते.

"गेले?" मी विचारलं.

"त्याईलेच गरज नाही," बाबा म्हणाले. "मान ठेवा तर हे असं. कोच लोक टिकतच नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पॅसेंजरने कोच भुसावळकडे गेले, नागपूरच्या उलट दिशेला. खोलीत त्यांनी काही ठेवलं नव्हतं. शिटी तेवढी दाराच्या खिळ्याला अडकवलेली होती, क्लबची होती म्हणून.

आता पोरांना काय सांगायचं हा प्रश्न होता. स्पर्धा तोंडावर आलेली. बाबा आणि अडतवाले काका संध्याकाळी मैदानावर गेले. भाऊ परत आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्या गोळा करत होते.

"काय म्हणाले बाबा?"

"कोचसाहेबांची आई वारली म्हने. म्हनून जा लागलं तातडीनं. आम्हाले दोन मिनिटं उभं केलं मैदानात. डोळे मिटून."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. आमच्या लांबच्या चुलत आजीचं नुसतं नाव घ्यायला ज्या माणसाची जीभ रेटली नाही, त्याने कोचच्या आईला एका वाक्यात मारून टाकलं होतं. तिच्यासाठी कुठे बांगड्या वाजल्या नाहीत. ती वारली असं म्हटल्याने खरंच काही झालं तर, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नसणार. कोचच्या घरचं मरणही आमच्या मरणाच्या पंगतीला बसत नव्हतं.

"ती जिवंत आहे," मी ओरडले. मी कधी ओरडत नाही. "खोटं आहे ते! नागपूरला आहे ती, जिवंत!"

भाऊ कठड्याला टेकला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझी जरा कीव आल्यासारखंच पाहिलं.

"मले माहीत आहे न, ताई," तो म्हणाला. "साऱ्यांले माहीत आहे."

"मग उभे का राहिलात?"

"बाबा समोर होते."

तो खाली वाकून मिरच्या उचलू लागला. खाली बाबांनी हाक मारली, तसा तो "आलो" म्हणून लगेच उठला आणि सुपात मिरच्या टाकून जिना उतरून गेला. मी तिथेच राहिले. खालून जेवायला बोलावणं आलं, दुसऱ्यांदा आलं, मग आई स्वतः वर आली. मी म्हणाले, आज जेवणार नाही. काय झालं म्हणून तिने विचारलं, तर मी म्हणाले, "सुतक आहे. तुम्हाला नसेल. मला आहे."

तिने घाईघाईने माझ्या तोंडावर हात ठेवला.