रेडकाचा पाचवा दिवस

मंगळवारी दुपारी टपाल आलं तेव्हा मी रजिस्टरात तांबड्या शाईनं रेघा मारत बसलो होतो आणि मागच्या अंगणात पोट भादरलेलं एक रेडकू उभं होतं. पत्र इन्स्पेक्टर साहेबांचं होतं. येत्या सोमवारी घोडेगावला तपासणीला येतो, गेल्या वर्षीच्या रजिस्टराची स्वच्छ प्रत तयार ठेवावी, एवढाच मजकूर. प्रतीची अकरा पानं झाली होती, सहा राहिली होती. पत्र मी दौतीखाली ठेवलं आणि पुन्हा रेघा मारू लागलो.

मी तेव्हा सरकारी व्हॅक्सिनेटर होतो. लोक देवीवाले म्हणत. देवीचा रोग होऊ नये म्हणून लहान मुलांच्या दंडावर लस टोचायची, याला देवी काढणं म्हणत. आज लस नळीत बंद होऊन येते. तेव्हा आमच्याकडे ती रेडकाच्या अंगावर वाढवून न्यावी लागे. गवळ्याकडून धडधाकट रेडकू मागून आणायचं, पोटाचे केस भादरायचे, कातडीवर बारीक चरे पाडून त्यांत लस चोळायची आणि दिवस मोजायचे. पाचव्या दिवशी चऱ्यांवर फोड भरून येत. आतला द्रव निवळ पाण्यासारखा असे. तो लान्सेटच्या, म्हणजे आमच्या दुधारी सुरीच्या, टोकावर घेऊन थेट मुलाच्या दंडाला लावायचा. रेडकाला काही होत नसे, आठवड्याभरात ते गवळ्याकडे परत जाई. फक्त पाचवा दिवस गाठावा लागे. त्यानंतर उन्हात फोड सुकू लागत.

हे रेडकू मी रविवारी टोचलं होतं, म्हणजे पाचवा दिवस गुरुवार. न्यायचं होतं वरच्या वाडीला, भीमाशंकराच्या अंगाला, जिथून कोकणात उतरणारी वाट सुटते तिथं. रेडकू बरोबर असलं की दीड दिवसाची चाल. बुधवारी पहाटे निघायलाच हवं होतं.

हुसेनभाई आमचा शिपाई. जुन्नरच्या कागद करणाऱ्या घरातला, पन्नाशीचा माणूस. संध्याकाळी तो रेडकाला पाणी दाखवून आत आला.

"भाऊसाहेब, उद्या कोंबड्याला निघू. ऊन लई चढाया लागलंय."

"परवा निघू. उद्या प्रत पुरी करतो."

"आन् रेडकू?"

"सहाव्या दिवशीही लस निघते."

"निघती. पन किती निघती, ते बी बोला की."

मी शाईची दौत ढवळत राहिलो. तो निघून गेला.

खरं सांगायचं तर ही वाडी मी दिवाळीपासून पुढे ढकलत होतो. आधी म्हटलं भातकापणी होऊ दे, लोक घरी सापडणार नाहीत. मग म्हटलं पूर्वेची गावं आधी उरकू, तिकडे रस्ता चांगला आहे. लोणीकडची मुलं झाली, पारगावकडची झाली. मग थंडी फार आहे म्हटलं. मध्यंतरी चार दिवस मी नुसत्या जुन्या पावत्या आणि पत्रं लावत बसलो होतो. हातात काम नाही असा एक दिवस गेला नाही. मी आळशी कधीच नव्हतो. जे करायचं आहे ते सोडून बाकी सगळं मी मन लावून करत होतो.

आणि कारण होतं कोंडाबाई.

आदल्या वर्षी त्याच वाडीत मी तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या, सोमाच्या, देवी काढल्या होत्या. टोचल्यावर आठव्या दिवशी परत जाऊन दंड बघायचा, हा आमचा नियम. याला पडताळणी म्हणत. लस लागली की नाही ते कळतं, आणि कुठं जखम चिघळली असेल तर धुऊन बांधता येते. मी आठव्या दिवशी येतो असं तिला सांगून आलो, आणि गेलो पंधराव्या दिवशी. सोमाचा दंड सुजला, ताप भरला आणि दहाव्या दिवशी पोर गेलं. मी वेळेवर गेलो असतो तर वाचलं असतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. रजिस्टरात मात्र मी पडताळणीचे रकाने कचेरीत बसल्या बसल्या आधीच भरून ठेवत असे. चढ फार, मुलं बहुतेक ठीकच असतात, म्हणून ही सवय लागली होती. सोमाच्या ओळीत माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, पडताळले, ठीक.

बुधवारी मी पाच पानं उतरवली. सहाव्या पानावर ती ओळ होती. दिवस मावळेपर्यंत मी ते पान समोर घेऊन बसलो. तीन वेळा टाक बुडवला. शेवटी रजिस्टर फडक्यात बांधलं आणि वर जाऊन लिहू म्हणून बरोबर घेतलं. एक अख्खा दिवस गेला आणि पान कोरंच राहिलं.

गुरुवारी निघालो. मी पुढे, हुसेनभाई रेडकू धरून मागे. चढावर ते अडून बसलं की तो त्याला चुचकारी, मी घड्याळ बघे. दर तासाला मी वाकून त्याच्या पोटाखाली नजर टाकत होतो. फोड पिवळट व्हायला लागले होते.

शुक्रवारी दुपारी वाडीत पोचलो. बुधाजी पाटील वाटेवर येऊन उभा होता. त्याने रामराम केला आणि लगेच म्हणाला, "बरं झालं आलात. खाली कोकनात आई आल्यात. दोन गावांत. मीठवाले सांगत व्हते."

देवीच्या रोगाचं तिकडे नाव घेत नसत, आई आल्यात म्हणत.

"किती दिवस झाले?"

"आठ-धा दिस. आन् शिवरात्र पंधरा दिसांवर आली. सारी जत्रा ह्याच वाटंनं वर चढनार."

वाडीत टोचायची राहिलेली तेवीस मुलं होती. पाटलाच्या ओसरीसमोर आया पोरांना घेऊन ओळीनं बसल्या. हुसेनभाईनं रेडकू आडवं पाडून पाय धरले. मी फोड उघडायला सुरुवात केली. गुरुवारी नुसतं टेकवलं असतं तरी लान्सेट भिजलं असतं. आता दाबून दाबून थेंब काढावा लागत होता, आणि काही फोडांतून नुसती खपली निघत होती. पहिला मान पाटलाच्या नातवाचा. टोचताना मी ओळीकडे मान वर करून बघितलंच नाही. बाराव्या मुलाला कसाबसा एक चरा भरला. त्यानंतर रेडकाच्या पोटावर काही उरलं नव्हतं.

मी वर बघितलं. अकरा मुलं राहिली होती, आणि ओळीच्या शेवटी कोंडाबाई बसली होती. मांडीवर सहा-सात महिन्यांची मुलगी होती.

"संपली?" तिनं विचारलं.

"संपली."

"समद्यांना पुरती म्हनत्यात ना?"

"काल पोचलो असतो तर पुरली असती."

"मग काल का न्हाई आला?"

मी काय सांगणार? पान लिहीत होतो म्हणून? मी म्हणालो, "आज ज्यांना टोचलंय त्यांचे दंड आठव्या दिवशी भरून येतील. त्यांच्या दंडावरची लस घेऊन उरलेल्यांना टोचता येतं. येत्या शुक्रवारी सगळ्यांना देतो."

"आठव्या दिशी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तुमच्या आठव्या दिसाची वाट मी येकदा बघितली हाय, भाऊसाहेब."

ती मुलीला कडेवर घेऊन उठली. एवढं होऊनही ही बाई पोर घेऊन ओळीत का बसली, हे मी नंतर पाटलाला विचारलं. तो म्हणाला, "दुसरं कोन येतंय हितं?"

रविवारी सकाळी हुसेनभाई रेडकू घेऊन खाली उतरायला निघाला. ते गवळ्याला परत द्यायचं होतं. मलाही त्याच्याबरोबर जाणं सहज जमण्यासारखं होतं. सोमवारी साहेबांना भेटायचं, मंगळवारी निघायचं, बुधवारी दुपारपर्यंत वाडीत. हिशेब अगदी चोख बसत होता. पण मी मला ओळखून होतो. एकदा त्या टेबलाशी बसलो की साहेब दोन कागद मागणार, मी चार करून देणार, आणि शुक्रवार उलटून जाणार. आठव्या दिवशी दंडावरचा द्रव निवळ असतो. नवव्या दिवसापासून गढूळ होतो, मग तो टोचू नये. या वेळी रेडकाच्या सहाव्या दिवसासारखं चालवून घेण्याची सोय नव्हती.

"हुसेनभाई, मी राहतो. रजिस्टर तुम्ही न्या."

"आन् साहेबांना काय सांगू?"

"इथं आहे म्हणून सांगा."

"नोकरी जाईल, भाऊसाहेब."

"जाईल कदाचित."

मी ओसरीवर बसून ते सहावं पान पुरं केलं. सोमाच्या ओळीत लिहिलं, पडताळणी केली नाही, मूल दहाव्या दिवशी वारले. त्या ओळीला दोन मिनिटं लागली. दिवाळीपासून मी या दोन मिनिटांना भीत होतो. हुसेनभाईनं पान वाळेपर्यंत थांबून रजिस्टर बांधून घेतलं. बांधण्याआधी त्यानं ते वाचलं.

मग माझे दिवस सुरू झाले. रोज सकाळी बारा दंड बघायचे. देवी काढलेल्या घरात आठ दिवस फोडणी देत नाहीत. पाटलाकडे नातवाच्या देवी काढलेल्या, म्हणून मलाही नाचणीची भाकरी आणि उकडलेली, बिनफोडणीची डाळ. सोमवारी दिवसभर मी घोडेगावच्या वाटेकडे बघत होतो. साहेब आता टांग्यातून उतरले असतील, आता खुर्ची मागितली असेल, आता पान उलटलं असेल. जेवण गेलं नाही.

मंगळवारी दुपारी कोकणातून एक मीठवाला चढून आला. वाटेच्या तोंडाशी पहिलं घर कोंडाबाईचं. अंग दुखतंय म्हणून तो तिच्या पडवीत आडवा झाला. बुधवारी सकाळी पाटलानं मला बोलावलं. मीठवाल्याच्या कपाळावर आणि मनगटावर पुरळ उठलं होतं. मी त्याला लांबच्या रिकाम्या गोठ्यात हलवलं, पाटलानं त्याची कांबळी जाळून टाकली. पण अर्धा दिवस आणि एक रात्र तो त्या पडवीत होता, आणि पोर तिथंच रांगत होतं.

कोंडाबाई मुलीला घेऊन ओसरीशी आली. मुलीचं नाव ठकी.

"आता टोचा हिला."

"आज दंड कच्चे आहेत. आज टोचलं तर लागणार नाही, आणि शुक्रवारसाठीही उरणार नाही."

"शुक्रवारपत्तुर हिला कोन राखनार?"

ती गेली नाही. तिथंच ओसरीच्या खाली बसली, आणि ते दोन दिवस, घरचं आवरायला जाई तेवढं सोडून, तिथंच बसून होती. मी कुठं जातो यावर ती लक्ष ठेवून होती असं मला वाटे. ठेवायलाच हवं होतं. मी पाटलाच्या नातवाचा दंड दिवसातून दहादा बघत होतो. ते पोर मला बघितलं की रडायला लागे.

शुक्रवारी उजाडताच फोड टपोरे, निवळ भरले होते. पहिली ठकी. तिच्या दोन्ही दंडांवर टोचलं. मग बाकीची दहा मुलं. त्यांची पडताळणीही मी तिथं राहूनच केली, पुढचे आठ दिवस.

त्याच आठवड्यात ठकीला ताप भरला. दंडावर लस लागली होती, पण रोगही आत शिरला होता. दोघांत आधी कोण पोचतं एवढाच प्रश्न होता. चार दिवस मी आणि कोंडाबाई तिच्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा घेऊन आळीपाळीनं बसलो. तिच्या अंगावर फोड उठले, पण थोडे. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि पोर दूध प्यायला लागलं. कोंडाबाई बाहेर गेली आणि गोठ्यामागे जाऊन रडली. मीही रडलो, आतच बसून. मीठवाला मात्र गेला. बाकी बावीस मुलांपैकी एकालाही शिवरात्रीच्या जत्रेनंतर काही झालं नाही.

घोडेगावला परतलो तेव्हा पुण्याला हजर होण्याचा हुकूम येऊन पडला होता. पुण्यात साहेबांनी रजिस्टर उघडून सोमाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कशाला लिहिलंत? मूळ रजिस्टरवर गेल्या वर्षीच सही झाली आहे. ठीक म्हणून."

"ते खरं नव्हतं, साहेब."

"बंद झालेलं वर्ष मी उघडत नाही. ही ओळ पूर्ववत करा. पण तपासणीच्या दिवशी तुम्ही जागेवर नव्हता, पंधरा दिवस कचेरीचं टपाल पडून राहिलं. ते मला सोडता येणार नाही."

ओळ मी पूर्ववत केली नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. बढती तीन वर्षं अडली, आणि माझ्या सर्व्हिस बुकात शेरा पडला, कामात दिरंगाई.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी घोडेगावच्या बाजारात एक बाई तान्हं मूल घेऊन देवी काढायला आली. तिच्या डाव्या गालावर पाच डाग होते. मी नाव विचारलं तर ठकी म्हणाली. आई कशी आहे विचारलं, बरी आहे म्हणाली. "आई सांगती, तुमी पंधरा दिस आमच्या वाडीत ऱ्हायला व्हता." मी मुलाचा दंड धुतला, टोचला आणि आठव्या दिवशी स्वतः वाडीला येतो म्हणालो. गेलो.

पेन्शन घेताना कारकुनानं सर्व्हिस बुक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, सगळ्या नोकरीत एवढा एकच डाग दिसतोय, अर्ज केलात तर काढून टाकता येईल. मी शेरा पुन्हा वाचला. म्हटलं, राहू द्या. शेरा बरोबर आहे. तारीख तेवढी एका वर्षानं चुकली आहे.