नंदाताईंच्या टोलखात्यातली गाडी

हे मी आजवर मनातच ठेवलं आहे. आईलाही सांगितलेलं नाही. ती दर रविवारी करमाळ्याहून फोन करते आणि न चुकता विचारते, "नंदाताई बऱ्या आहेत ना? जाऊन येत जा रे." मी हो म्हणतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं.

गोष्ट तशी टोलची आहे. म्हणजे — टोलपासून सुरू होते.

आमच्याकडे मोटरसायकलला टोल नसतो. नाका आला की डावीकडची चिंचोळी पट्टी धरायची आणि निघून जायचं. इथे न्यूझीलंडमध्ये नाकाच नाही. दांडा नाही, खिडकी नाही, काचेवर चिकटवायचा टॅगही नाही. रस्त्यावर कॅमेरे असतात. ते नंबरप्लेट वाचतात आणि तो नंबर ज्या टोलखात्यात असेल त्यातून पैसे वळते होतात. दुचाकीचेसुद्धा. हे मला कुठे माहीत होतं? नवी कोरी नसली तरी पहिलीच गाडी. टौरंगा शहरात शिरणाऱ्या टोलच्या रस्त्यावरून मी तीनदा ऐटीत गेलो. नोटिसा आल्या नंदाताईंच्या घरी, कारण गाडीच्या कागदांवर पत्ता त्यांचा होता.

नंदाताई म्हणजे माझ्या कॉलेजातल्या सरांची बहीण. टौरंगात फार्मासिस्ट आहेत, एकट्या राहतात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पण पदवीपासून नोकरीपर्यंतचं अंतर ताईंनी पार करून दिलं. आठ महिने मी त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो. जेवणाच्या टेबलावर त्या साहेब व्हायच्या आणि माझी मुलाखत घ्यायच्या. मूळच्या पुण्याच्या, पण मला आवडतात म्हणून हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे वळायला शिकल्या — माझ्या आईकडून, व्हिडिओ कॉलवर.

नोटिसा बघून त्या खूप हसल्या. "अरे दत्ता, इथे डावीकडून सटकता येत नाही." मग माझ्या गाडीचा नंबर त्यांनी स्वतःच्या टोलखात्यात घातला. मला ऑकलंडला नोकरी लागली, तिथल्याच माउंट वेलिंग्टन भागात ऑफिस, तरी तो काढला नाही. म्हणाल्या, "राहू दे. येत जाशील ना."

मी येत होतो. हेच तर सांगायचं आहे. ऑफिसातल्या तिघांबरोबर महिन्यातून एकदा तरी मी डोंगर ओलांडून टौरंगाला जायचो. समुद्रावर बसायचो, मासे खायचो, परत फिरायचो. ताईंचं घर टोलच्या त्या रस्त्यापासून दहा मिनिटांवर. दीड वर्षात एकदाही वळलो नाही. फोनवर मात्र, "ताई, कामातून मान वर काढता येत नाही."

का वळलो नाही? त्या घरात मी कायम एक बॅग घेऊन आलेला मुलगा होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ताई कौतुकानं सांगायच्या की ह्याला कपडे धुवायचं मशीन लावता येत नव्हतं, आणि आता बघा. मला त्यातलं फक्त "आता बघा" हवं होतं. हे कारण आहे. सबब म्हणून सांगत नाही.

मग एका सोमवारी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्या सहज म्हणाल्या, "काल शेंगोळे केले होते. खात्यात दुपारी तुझी गाडी दिसली. म्हटलं, परतताना येशील."

आवाजात तक्रार नव्हती. "काल" म्हणजे फक्त काल नव्हे, हे मला कळलं. त्या खातं बघत होत्या. गाडी दिसली की पीठ मळत होत्या. किती वेळा? मी विचारलं नाही. मी म्हणालो —

"ताई, ती गाडी मी विकली. मागेच. नवा माणूस जात असेल."

इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. तिकडे त्या हसल्या. "बघ की, म्हणजे मी एका परक्या माणसासाठी शेंगोळे वळत बसले होते."

त्यांनी नंबर काढून टाकला. कागदांवरचा पत्ता मी त्याच संध्याकाळी बदलला. पाच मिनिटांचं काम, इतके दिवस केलं नव्हतं.

दिवाळीच्या फराळाला त्यांनी बोलावलं. बसनं जायचं ठरवलं होतं, पण ऊन छान पडलं आणि गाडी काढली. टोलचा रस्ता टाळून फुकटच्या जुन्या रस्त्यानं गेलो, खरं तर टाळायचं कारण उरलं नव्हतं. दोन गल्ल्या अलीकडे गाडी लावली, हेल्मेट आणि जॅकेट तिथेच ठेवलं, आणि चालत घरी गेलो. "बस वेळेवर आली?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आली. जेवायला शेंगोळे होते.

निघताना त्या कारनं बसथांब्यावर सोडते म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्यांनी चावी आधीच उचलली होती. आणि त्या नेमक्या त्याच गल्लीतून निघाल्या. गाडी कुंपणाला लागून उभी होती. निळी, टाकीवर लांब ओरखडा. तो ओरखडा ताईंच्याच गॅरेजच्या दाराला घासून पडलेला. नंबर तर त्यांनी स्वतःच्या हातानं टाइप केलेला.

कारचा वेग कमी झाला. मी समोर बघत राहिलो. तेव्हा तरी बोलता आलं असतं, नाही का? एक वाक्य पुरलं असतं. मग वेग पुन्हा वाढला.

थांब्यावर त्या बस येईपर्यंत माझ्याबरोबर उभ्या राहिल्या. बस आली तेव्हा शेंगोळ्यांचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "सरळ धर. रस्सा सांडेल."

मी बसमध्ये चढलो. खिडकीतून हात केला, त्यांनीही केला. पुढच्या थांब्यावर उतरलो आणि डबा दोन्ही हातांनी सरळ धरून गाडीपर्यंत मागे चालत गेलो.

डबा अजून परत केलेला नाही. गाडी माझ्याकडेच आहे.