चार नंबरची बाटली

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मामांना गेली सहा वर्षं कशाचाच वास येत नव्हता आणि ही गोष्ट त्यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती. बायकोलासुद्धा नाही. दूध करपलं की ती ओरडायची, "अहो, शेजारीच बसलात ना? नाक काय गहाण ठेवलंय?" मामा म्हणायचे, सर्दी झालीय. सहा वर्षं सर्दी! पण त्या बाईनं विश्वास ठेवला, कारण मामा कधी खोटं बोलतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

खोटं बोलायला कारण होतं. नाक गेलं हे कळलं असतं तर त्यांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवलं असतं. उभं आयुष्य या काचेच्या भांड्यांत गेलेलं. फाटकावर स्टूल टाकून बसायचं? छे!

म्हणून मामांनी स्वतःची युक्ती काढली होती. ॲसिड किती कडक आहे हे नाकानं कळत नाही ना, मग आकडे मोजून बघायचं. भरलेल्या प्रत्येक बाटलीतले चार थेंब काचेच्या नळीत घ्यायचे, मॅग्नेशियमच्या फितीचा नखाएवढा तुकडा टाकायचा आणि मनात मोजायचं. पातळ ॲसिडात तुकडा रमतगमत बुडबुडे सोडतो, सत्तर-ऐंशीपर्यंत मोजावं लागतं. जरा कडक असलं की चाळीस, आणखी कडक असलं की वीस. जेवढं पाणी कमी, तेवढी फितीची घाई. ही मोजणी मामांनी एकदाही चुकवली नव्हती.

आज चुकवली. आज मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि विषय नेमका हाच होता. सहा टेबलं, प्रत्येकावर चार बाटल्या, एक नंबर सगळ्यात पातळ, चार नंबर सगळ्यात कडक. कडक म्हणजे तरी काय, पाचपट पाणी घातलेलं. मामा सकाळी त्या बाटल्या भरत होते तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी बाकं हलवायला बोलावलं. परत आले तेव्हा घंटा व्हायला दहा मिनिटं उरलेली. राहिलेली एक चार नंबर घाईघाईनं भरली आणि सगळ्या मांडून टाकल्या. फीतही परीक्षेपुरती मोजून आलेली, म्हणून म्हटलं, एक दिवस नाही मोजलं तर काय बिघडतंय.

परीक्षा सुरू झाली. मामा आतल्या खोलीत आवराआवर करायला गेले आणि जागच्या जागी थिजले. टेबलावर दोन जार होते, दिसायला सारखे. एकात चार नंबरसाठी पाणी घातलेलं ॲसिड, दुसऱ्यात कॅनमधून काढलेलं, पाण्याचा थेंबही न घातलेलं. पाणी घातलेला जार संपायला हवा होता. त्यात बाटलीभर शिल्लक होतं. आणि दुसरा जार नेमका तेवढाच खाली गेला होता.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. सहा टेबलांपैकी एका टेबलावरची चार नंबरची बाटली म्हणजे नुसतं जहाल ॲसिड. कुठल्या टेबलावरची, देवाला माहीत. त्यात फीत पडली की तिला विरघळायला वेळ लागणार नव्हता, ॲसिडच उसळणार होतं, गरम फेसासकट. आणि फीत कधी नाहीशी होते ते बघायला मुली चंबूवर अगदी डोळे लावून बसतात. चष्मे दिलेले असतात, पण ते केसांवर चढवलेले.

मामा दारात आले. पहिल्या टेबलावरची वेणीवाली दोन नंबरची बाटली बंद करत होती. मधल्या टेबलावरची एक तर तिसरीपर्यंत पोहोचली होती, भारी हुशार पोर. मामांना वाटलं, गुपचूप जावं, सहाही बाटल्या उचलाव्यात, कुणाला कळणार आहे? ते एक पाऊल पुढे गेले.

"मामा, परीक्षा चालू आहे. मध्ये येऊ नका," रसायनशास्त्राच्या बाई हळू पण करड्या आवाजात म्हणाल्या.

"बाई, बाटल्या... जरा बदलायच्या होत्या."

"आत्ता? का?"

काय सांगणार? तिकडे त्या हुशार पोरीनं चार नंबरच्या बाटलीच्या बुचाला हात घातला.

"थांबा!" मामा एवढ्या जोरानं ओरडले की कुणाच्या तरी हातातून पट्टी पडली. "चार नंबरला कुणी हात लावायचा नाही! मागे सरका सगळ्या! माझी चूक झालीय."

बाईंनी मुलींना भिंतीपाशी उभं केलं. मामांनी हातमोजे चढवले, चष्मा लावला, सहाही बाटल्या खिडकीपाशी नेल्या आणि मोजायला बसले. पहिली, वीस. दुसरी, वीस. तिसरी, एकोणीस. त्यांचे ओठ हलताना सगळ्या वर्गाला दिसत होते. चौथीत तुकडा टाकला आणि एक म्हणायच्या आत नळीतून फेस उसळून त्यांच्या मोज्यावर आला.

ती त्या हुशार पोरीच्या टेबलावरची होती. पोरीनं तोंडावर हात नेला.

बाई पुढे आल्या आणि दोन हात लांबूनच खोकायला लागल्या. नाकाला पदर लावून त्यांनी विचारलं, "मामा, एवढा उग्र वास! भरताना तुम्हाला आला नाही?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला वास येतच नाही, बाई," मामा म्हणाले. "सहा वर्षं झाली." बोलून टाकलं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. काढलं तर काढलं. पोरीचे डोळे वाचले.

मामांनी वर बघितलं. त्यांना वाटलं होतं, बाई चिडतील. पण बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सहा वर्षं या बाटल्या कोण भरत होतं?"

"मीच."

बाईंनी चाचपडत जवळचं स्टूल ओढलं आणि त्या खाली बसल्या.

"माझ्या दोन्ही मुली याच सहा वर्षांत, याच टेबलांवर शिकल्या हो, मामा," त्या म्हणाल्या.